‘तेच’ आणि ‘तसेच’: इज्निक ते इफिस, सहा दिवस

वसईचा आमचा एक मित्र आहे. बँकेत आम्ही दोघांनी अठ्ठावीस वर्षं एकाच टेबलावर डबे खाल्ले. मी तुर्कस्तानला चाललोय म्हटल्यावर बाकी सगळ्यांनी कप्पाडोकियाचे फुगे सुचवले. हा म्हणाला, "फुगे राहू दे रे. दर रविवारी मिस्साला उभं राहून आम्ही जे म्हणतो ना, ते जिथं ठरलं ते गाव बघून ये. माझे गुडघे गेलेत, मला काही जमणार नाही." आणि एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यानं त्या श्रद्धेच्या कबुलीतल्या ख्रिस्ताबद्दलच्या ओळी लिहून दिल्या: देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश, खऱ्या देवापासून खरा देव; जन्मलेला, घडवलेला नव्हे.

ती पत्रिका सहाही दिवस माझ्या शर्टाच्या खिशात होती. हिनं अट घातली ती एवढीच, "तुम्ही खुशाल दगड बघा, पण मला रोज एकदा तरी पाणी दिसलं पाहिजे."

पहिला दिवस: इस्तंबूल

विमान पहाटे उतरलं. टॅक्सीवाल्यानं आम्हाला एकाच मशिदीचं दर्शन तीनदा घडवलं आणि त्याचे पैसेही घेतले. असो.

आयासोफियाची रांग पाहून हिनं तिकिटाचा हिशेब रुपयांत केला, माणशी पंचवीस युरो. मग आम्ही मागच्या बाजूनं टॉपकापी राजवाड्याच्या पहिल्या चौकात शिरलो. सगळी गर्दी सरळ राजवाड्याकडे जाते. डावीकडं विटांचं एक थोराड चर्च आहे, आया इरिनी, म्हणजे ‘पवित्र शांती’. उस्मानी काळात त्याची मशीद झाली नाही, शस्त्रागार झालं. आत जवळजवळ काहीच नाही. वर कबुतरं घुमतात, ओल आलेल्या भिंती आहेत, आणि समोरच्या अर्धघुमटात सोनेरी जमिनीवर काळ्या रेषेत काढलेला एक साधा क्रूस. मूर्ती नाही, चेहरा नाही. आठव्या शतकात भूकंपानंतर डागडुजी झाली तेव्हा चित्रं काढायला बंदी होती. ख्रिस्ताचं चित्र काढलं तर त्यातून देव दिसतो की नुसता माणूस, हाच तेव्हाचा वाद.

क्रूसाच्या खाली अर्धवर्तुळात दगडी पायऱ्या आहेत, धर्मगुरूंच्या बसायच्या. ३८१ साली सम्राट थिओडोसियसनं बोलावलेली बिशपांची महासभा याच जागी भरली असं मानतात. आजची इमारत त्यानंतरची, जस्टिनियनच्या काळातली. मित्र रविवारी जे म्हणतो ते खरं तर या सभेच्या नावानं ओळखलं जाणारं रूप. ३२५ सालच्या, इज्निकला ठरलेल्या मूळ मसुद्यात पवित्र आत्म्याबद्दल नुसता उल्लेख होता, बाकीचं नंतर भरलं गेलं.

सभेचा अध्यक्ष झाला नाझिआंझसचा ग्रेगरी. कविमनाचा, आजारी, भांडणाला कंटाळलेला माणूस. अर्ध्यावरच राजीनामा देऊन तो गावी निघून गेला, आणि नंतर आपल्या आत्मकथनपर कवितेत त्यानं जमलेल्या बिशपांची तुलना कावळ्यांच्या जातकुळीतल्या पाखरांच्या कलकलाटाशी केली. आपल्याकडं याला कावळ्यांची शाळा म्हणतात. सोसायटीची सर्वसाधारण सभा ज्यानं चालवली असेल त्याला या ग्रेगरीबद्दल माया वाटल्याशिवाय राहणार नाही.

त्याच सुमाराचा दुसरा एक ग्रेगरी, निस्साचा. त्यानं या शहराबद्दल एक तक्रार लिहून ठेवलीय, की देव पिता आणि त्याचा पुत्र ख्रिस्त यांच्या नात्यावर इथं जो तो वाद घालतो. सुटे पैसे मागायला जावं तर माणूस ‘जनित’ आणि ‘अजनित’ यांवर प्रवचन देतो. पावाचा भाव विचारला तर उत्तर येतं, पिता मोठा, पुत्र त्याच्याहून कमी. न्हाणीघरात पाणी तापलं का म्हणावं तर गडी सांगतो, पुत्र शून्यातून निर्माण झाला.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत मी हिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग विचारा ना." विचारलं. पोऱ्यानं बोटं वर करून भाव सांगितला आणि पाव कागदात गुंडाळून दिला. गरम होता, तीळ लावलेला. पित्यापुत्राचा विषय निघाला नाही.

दुसरा दिवस: इज्निक

येनीकापीहून यालोव्याला जाणारी बोट आमची चुकली, कारण आम्ही दुसऱ्याच धक्क्यावर उभे होतो. पुढची मिळेपर्यंत दोन चहा झाले. तुर्की भाषेत चहा ‘चाय’, दुकान ‘दुक्कान’, बाजार ‘पाझार’ आणि बिल म्हणजे ‘हेसाप’. हिचं निम्मं बोलणं या चार शब्दांवर भागलं.

यालोव्याहून मिनीबस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऑलिव्हची झाडं, चंदेरी पाठीची पानं वाऱ्यानं उलटायची तेव्हा अख्खा उतार रंग बदलायचा. मग तळं दिसलं. तळं कसलं, पलीकडचा काठ धुरकट दिसावा एवढं मोठं. "आजचं पाणी झालं," ही म्हणाली.

इज्निक म्हणजे जुनं निकिया. गावाभोवती पाचेक किलोमीटरचा तट अजून उभा आहे, चार दिशांना चार वेशी. इस्तंबूल वेशीतून ट्रॅक्टर आत येतात. भर दुपारी गावात इतकी शांतता की आमच्या बॅगेच्या चाकांची लाज वाटावी.

इथं ३२५ साली सम्राट कॉन्स्टन्टाइननं बिशपांना बोलावलं. परंपरा म्हणते ३१८ जण आले. हा आकडा बायबलात अब्राहामाच्या लढवय्या माणसांचाही आहे, त्यामुळं तो मोजून आला की जुळवून, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला त्या आकड्यापेक्षा ती माणसं दिसत राहिली. बारा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत याच साम्राज्यात ख्रिस्ती असणं जिवावर बेतत होतं. आलेल्यांत इजिप्तचा पॅफ्नुशियस होता, छळात एक डोळा गेलेला. निओसिझेरियाचा पौल होता, तापलेल्या लोखंडानं हात जळलेला. आता तेच लोक सरकारी टपालाच्या घोड्यांवरून, सरकारी खर्चानं आले आणि जांभळ्या, रत्नजडित झग्यातला सम्राट त्यांच्यामध्ये येऊन बिशपांनी खूण केल्यावरच सोन्याच्या आसनावर बसला. हे वर्णन तिथं हजर असलेल्या सिझेरियाच्या युसेबियसचं. तो सम्राटाचा भक्तच होता, तरी दृश्य खोटं वाटत नाही.

भांडण अलेक्झांड्रियातून आलेलं. तिथला आरियस नावाचा पाद्री, उंच, तपस्वी, बोलण्यात गोड. त्याचं म्हणणं एका ओळीत मावतं: ‘एक वेळ अशी होती, जेव्हा तो नव्हता.’ तो म्हणजे पुत्र. देव एकच, त्याला जन्म नाही, त्याचे तुकडे होत नाहीत. पुत्र मोठा, सगळ्या सृष्टीच्या आधीचा, पण त्यालाही देवानं घडवलेलं. आरियसनं हे पद्यातही बांधलं, आणि खलाशी, जात्यावरचे लोक, वाटसरू गातील अशी गाणी त्यानं केली असं एका जुन्या इतिहासकारानं लिहिलंय. म्हणजे ज्याला आपण पाखंड म्हणून वाचतो ते ओवीसारखं दळता दळता म्हटलं जात होतं.

समोरच्या बाजूला त्याचा बिशप अलेक्झांडर, आणि बिशपाचा तरुण डीकन, म्हणजे मदतनीस, अथनासियस. त्यांचा सवाल असा की पुत्र जर घडवलेला असेल, तर तो आपल्याच रांगेतला. मग तो आपल्याला तारणार कसा? बुडणाऱ्याला बुडणारा काय हात देणार?

कॉन्स्टन्टाइननं आधी दोघांना पत्र पाठवून कळवलं होतं की बाबांनो, बाब क्षुल्लक आहे, मिटवून टाका. ही ताबडतोब सम्राटाच्या पक्षात गेली. "शहाणा माणूस. नाहीतरी हे कुणाला कळणारे?"

मी खिशातली पत्रिका काढली. सभेनं जो शब्द निवडला तो ग्रीक आहे, होमोउसिओस: पिता आणि पुत्र यांचं तत्त्व एकच. पुढं तीस-पस्तीस वर्षांनी तडजोडवाल्यांनी सुचवलं, होमोइउसिओस म्हणू या: तत्त्व सारखं. ग्रीकमध्ये फरक एका आयोटाचा, त्यांच्या वर्णमालेतल्या सगळ्यात बारक्या अक्षराचा. लोक याची थट्टा करतात, मीही करायचो. पण तळ्याच्या काठावर हिला समजावताना मला मराठीतच सापडलं. ‘तेच’ आणि ‘तसेच’. एका ‘स’चा फरक. पण हरवलेली अंगठी सापडल्यावर सोनार म्हणाला, ही तुमची तीच नाही, पण तशीच आहे, तर?

"तर मी पोलिसात जाईन," ही म्हणाली. हिच्या आईची अंगठी मागे खरंच हरवली होती, त्यामुळं दृष्टान्त जरा जास्तच लागला.

सभेत बहुतेक सगळ्यांनी सह्या केल्या. लिबियाचे दोन बिशप शेवटपर्यंत आरियसबरोबर राहिले आणि त्याच्यासोबत हद्दपार झाले. म्हणजे विषय संपला असं कुणालाही वाटेल. पण दोनतीन वर्षांतच वारं फिरलं, आरियसला माफी मिळाली आणि पुढं अथनासियसवरच हद्दपारीची पाळी आली. एकदा नव्हे, पाच वेळा. आयुष्यातली सतरा वर्षं. खुद्द कॉन्स्टन्टाइननं ३३७ मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो निकोमीडियाच्या युसेबियसच्या हातून, आणि तो आरियसचा पाठीराखा.

ज्या राजवाड्यात ही सभा भरली त्याची नक्की जागा सापडलेली नाही. पण काठालगत एका जुन्या बॅसिलिकेचा, म्हणजे मोठ्या चर्चचा, पाया आहे. २०१४ मध्ये वरून काढलेल्या फोटोंत तो पाण्याखाली दिसला, एखाद्या आराखड्यासारखा स्पष्ट. नंतर तळ्याचं पाणी हटत गेलं आणि भिंती उघड्यावर आल्या. ती बॅसिलिका सभेच्या नंतरची, नियोफायटोस नावाच्या एका कोवळ्या हुतात्म्याच्या नावाची. सभेला १७०० वर्षं झाली म्हणून २८ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे आणि कॉन्स्टन्टिनोपलचे, म्हणजे इस्तंबूलचे, ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी याच अवशेषांपाशी एकत्र प्रार्थना केली.

आम्ही गेलो तेव्हा कुंपणापलीकडं एक बगळा त्या अर्धवर्तुळाकार भिंतीच्या बरोबर मध्ये उभा होता, जिथं वेदी असायची. एक पाय वर. मी फोटो काढून मित्राला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बिशप कोण, हा का?"

तिसरा दिवस: इज्निकच

सकाळी गावाच्या मधोमध असलेली आयासोफिया पाहिली. इस्तंबूलच्या मानानं ही धाकटी, जमिनीच्या पातळीखाली गेलेली. ७८७ ची महासभा इथली. चित्रांवरची बंदी तिनं उठवली. उस्मानी सुलतान ओर्हाननं १३३१ मध्ये गाव घेतल्यावर मशीद, मधे संग्रहालय, २०११ पासून पुन्हा मशीद. एक आजोबा जपमाळ ओढत बसले होते, त्यांनी हिला भिंतीवरचं पुसट चित्र बोट दाखवून सांगितलं, "ईसा."

नंतर टाइल्सच्या दुकानांत दोन तास गेले. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. बॅग तीन किलोंनी वाढली.

चौथा दिवस: कादिकोय

इस्तंबूलच्या एमिनोन्यू धक्क्याहून बोटीनं वीसेक मिनिटांत आपण आशियात उतरतो. सिमित नावाच्या तिळाच्या पावाचे तुकडे हवेत उडवले की सीगल झेपावतात. हिचं पाणी आणि करमणूक दोन्ही झालं. कादिकोय म्हणजे जुनं खाल्किदोन. समोर बायझँटियमसारखी, म्हणजे आजच्या इस्तंबूलची, जागा मोकळी असताना हे इथं वसले, म्हणून प्राचीन काळी याला ‘आंधळ्यांचं गाव’ म्हणत. आज मासळीबाजार, लोणच्याच्या बरण्या, कॉफी भाजल्याचा वास आणि कॉलेजच्या मुलांची गर्दी.

इथं ४५१ च्या ऑक्टोबरात पाचशेच्या वर बिशप जमले. प्रश्न आता पुढच्या इयत्तेतला होता. ख्रिस्त देव, हे ठरलं. तो माणूसही, हेही सगळे म्हणतात. मग एकाच्या ठिकाणी ही दोन्ही नांदतात कशी? युटिकिस नावाचा एक म्हातारा मठाधीश म्हणे, एकत्र आल्यावर स्वरूप एकच उरतं. त्याच्यावरून दोन वर्षं आधी इफिसला एक सभा झाली, तिच्यात कॉन्स्टन्टिनोपलच्या बिशप फ्लेवियनला इतकी मारहाण झाली की तो लवकरच दगावला. रोमच्या पोप लिओनं त्या सभेला नाव दिलं, दरोडेखोरांची सभा. तीच कायम व्हायची, पण ४५० मध्ये सम्राट दुसरा थिओडोसियस घोड्यावरून पडून मेला. गादीवर त्याची बहीण पुल्केरिया आणि तिनं लग्न केलेला मार्सियन आले, आणि त्यांनी डाव नव्यानं मांडला. घोडा नीट चालला असता तर मित्राच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात काय असतं, कोण जाणे.

इथला झगडा मला एकदम शाळेत घेऊन गेला. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोस्कोरस भर सभेत म्हणाला, ‘दोहोंपासून’ हे मी मानतो, ‘दोन’ हे मानत नाही. म्हणजे ख्रिस्त दोन स्वरूपांपासून झाला, हे कबूल. पण झाल्यावरही तो दोन स्वरूपांत आहे, हे नाही. ग्रीकमध्ये ‘एक्’ आणि ‘एन्’. मराठीत पंचमी आणि सप्तमी! ऊन-हून आणि त-ई-आ. आमच्या गुरुजींनी ज्यासाठी हातावर पट्ट्या मारल्या तेवढ्या फरकावर चर्च दुभंगलं ते दुभंगलंच.

शेवटी सभेनं सप्तमी घेतली आणि चार नकार जोडले: सरमिसळ न होता, बदल न होता, फाळणी न होता, ताटातूट न होता. मला ही चार पदं फार आवडली. कसं आहे ते सांगत नाहीत. कसं नाही तेवढं सांगून कुंपण घालतात आणि आतली जागा मोकळी ठेवतात. आपल्याकडच्या ‘नेति नेति’ची आठवण होते, पण हे मी मित्राजवळ बोललो तेव्हा तो म्हणाला, "तुमचं नेति नेति निर्गुणाबद्दल. आमचं एका सुताराच्या पोराबद्दल. घोळ करू नको."

सभा संत युफेमियाच्या चर्चमध्ये भरली होती. त्या वास्तूचं आज काही उरलं नाही. पण बाजारात तिच्या नावाचं एक ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च आहे, अंगणात मांजर, आत मेणाचा वास. दंतकथा अशी की दोन्ही पक्षांनी आपापले मसुदे युफेमियाच्या शवपेटीत ठेवले, आणि तीन दिवसांनी उघडून पाहिलं तर एक तिच्या हातात होता, दुसरा पायाशी. तिचे अवशेष आता पलीकडं फेनेरला पॅट्रिआर्कच्या चर्चमध्ये आहेत.

आणि आता खरी मौज. युफेमियाच्या चर्चपासून थोडं चालल्यावर, त्याच बाजारात, आर्मेनियन लोकांचं सुर्प ताकावोर चर्च लागतं. आर्मेनियन चर्चनं खाल्किदोनचा निर्णय कधीच मानला नाही. ४५१ मध्ये ते इराणशी लढण्यात गुंतलेले होते, सभेला कुणी आलंच नाही. पुढं त्यांनी तो नाकारला. इजिप्तचे कॉप्ट, सीरियाचे, इथिओपियाचे, आपल्या केरळातले मलंकरा ऑर्थोडॉक्स, सगळे याच बाजूचे. म्हणजे खाल्किदोनच्या भर बाजारात, मासळीच्या गल्लीलगत, खाल्किदोन न मानणाऱ्यांची घंटा रोज वाजते. कुणाला त्याचं काही वाटत नाही. समोरचा दुकानदार आम्हाला तळलेले शिंपले विकण्यात गर्क होता.

ही म्हणाली, "यांच्या देवाचं राहू दे, या दोन चर्चवाल्यांच्या बोलण्याचं काय? एकमेकांकडं जातात का?" मला माहीत होतं तेवढं सांगितलं: गेल्या पन्नास-साठ वर्षांत दोन्ही बाजूंच्या धर्मपंडितांनी बसून बरंच कबूल केलंय, की शब्द वेगळे, म्हणणं जवळपास एकच. "मग पंधराशे वर्षं?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी हेसाप मागवला.

पाचवा दिवस: कारिये

रात्रीच्या विमानानं इझ्मिरला जायचं होतं, म्हणून अर्धा दिवसच. इस्तंबूलच्या जुन्या तटाजवळच्या कारियेला, एका जुन्या चर्चला, गेलो. मूळ नाव खोरा, म्हणजे गावाबाहेरचं रान. आपल्याकडच्या एखाद्या ‘रानातल्या मारुती’सारखं. पण पुढं त्या शब्दाचा भक्तांनी श्लेष केला. दारावरच्या मोझेकमध्ये हात उंचावलेली मरिया आहे, तिच्या छातीवर वर्तुळात बाळ, आणि बाजूला लिहिलंय: ‘न मावणाऱ्याची मावण्याची जागा’. चार दिवस मी जे हिला समजावत होतो ते कुणीतरी चार शब्दांत, रंगीत काचेच्या तुकड्यांत बसवून ठेवलं होतं. ही मान वर करून इतका वेळ उभी राहिली की मागच्या लोकांना वळसा घालावा लागला.

मोझेकचं हे काम १३२१ च्या सुमारास पुरं झालं. हा आकडा कुठंतरी वाचलेला वाटत होता. विमानात बसलो तरी आठवला नाही.

सहावा दिवस: इफिस

मुक्काम सेल्चुकला. गावात जुन्या जलवाहिनीचे खांब आहेत आणि जवळजवळ प्रत्येक खांबावर करकोच्यांचं घरटं. चोच वाजवल्याचा टकटक आवाज सकाळी खिडकीतून येत होता. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, आर्तेमिसचं मंदिर, त्याचा आता एकच उभारलेला खांब डबक्यात उभा आहे. त्याच्याही डोक्यावर करकोचा.

मराठी बायबलात इफिसकरांचा जो दंगा आहे, ‘इफिसकरांची अर्तमी थोर’ म्हणत ओरडणारा, तो ज्या नाट्यगृहात झाला ते चोवीस-पंचवीस हजार माणसं मावतील एवढं आहे. तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. मरियेच्या चर्चकडं मात्र पाटी असूनही कुणी वळत नाही. खालच्या दारापासून उजव्या अंगाला जुन्या बंदराच्या बाजूला लांबच लांब पसरलेले अवशेष, गवत गुडघाभर, मधेच लाल खसखशीची फुलं. अडीचशे मीटरहून लांब अशा एका रोमन दालनात हे चर्च बसवलेलं. बाजूच्या खोलीत बाप्तिस्म्याचं गोल कुंड आहे, आत उतरायच्या पायऱ्यांसकट. ही त्या कुंडाच्या काठावर सावलीत बसली.

४३१ ची महासभा या शहरात झाली ती एका संबोधनावरून. लोक मरियेला थिओटोकोस म्हणत, देवाला जन्म देणारी. कॉन्स्टन्टिनोपलचा नवा आर्चबिशप नेस्टोरियस म्हणाला, हे चुकीचं आहे. आईनं जन्म दिला तो माणसाला. देवाला आई कशी असेल? फार तर ख्रिस्तोटोकोस म्हणा, ख्रिस्ताला जन्म देणारी. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही, असंही तो बोलल्याचं त्याच्या विरोधकांनी सभेत सांगितलं.

"का नाही म्हणणार?" ही चटकन म्हणाली. "आपण पाळण्यात घालून झोके देतो की."

"तेच त्याला खटकत होतं."

"मग यशोदेला विचारायचं होतं."

विचारलं नाही, पण बायकांनी आपलं मत दिलंच. २२ जूनला अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल यानं सभा उरकली. अँटिओकचे बिशप अजून वाटेत होते, त्यांची वाट न पाहता, सम्राटाचा अधिकारी नको म्हणत असताना. एका दिवसात नेस्टोरियस पदच्युत. रात्री बिशप बाहेर पडले तेव्हा शहर मशाली घेऊन उभं होतं आणि बायका धुपाटणी घेऊन पुढं चालत होत्या, असं सिरिलनंच घरी कळवलंय. चार दिवसांनी अँटिओकचा जॉन पोचला, त्यानं आपली वेगळी सभा घेऊन सिरिललाच काढून टाकलं. सम्राटानं वैतागून आधी दोन्ही निकाल मान्य केले आणि सिरिल, नेस्टोरियस दोघांनाही नजरकैदेत ठेवलं! पुढं सिरिलकडून दरबारी मंडळींना गालिचे, हस्तिदंती आसनं आणि भरपूर सोनं गेलं. त्या भेटींची यादीसुद्धा शिल्लक आहे. सिरिल जिंकला. नेस्टोरियसला आधी त्याच्या मठात, मग इजिप्तच्या वाळवंटात धाडलं, तिथंच तो गेला.

सिरिलचा विचार खोल आहे हे मला मान्य. पण माणूस म्हणून मला तो आवडला नाही, आणि हे मित्राला सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही. त्याची आई रोज संध्याकाळी जपमाळेवर ‘पवित्र मरिये, देवाच्या माते’ म्हणायची. त्या दोन शब्दांमागं हा सगळा उन्हाळा आहे.

कुंडाच्या काठावर बसल्या बसल्या १३२१ आठवलं.

नेस्टोरियसच्या गुरुपरंपरेतले लोक रोमन हद्दीबाहेर इराणात गेले. एडेसाची त्यांची विद्यापीठवजा शाळा ४८९ मध्ये बंद केली तेव्हा ती निसिबिसला हलली. पूर्वेचं चर्च म्हणतात ते हे. ‘नेस्टोरियन’ हे दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव. व्यापाऱ्यांबरोबर ते चीनपर्यंत पोचले, तिथं ७८१ चा त्यांचा शिलालेख आहे. आणि समुद्रानं आपल्याकडं. सहाव्या शतकातला कॉस्मस हा ग्रीक प्रवासी लिहितो की कल्लियाना इथं इराणहून नेमलेला बिशप आहे. हे कल्याणच, असं बरेच जण मानतात. पुढं ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन साधूनं ठाण्याबद्दल लिहिलं: इथं नेस्टोरियनांची पंधरा घरं आहेत. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू त्यातल्याच एका घरी उतरले होते. घरात नवराबायकोचं भांडण झालं, बायको काझीकडं गेली, साक्षीला साधूंना बोलावलं, आणि काझीनं साक्ष बाजूला ठेवून विचारलं ते हेच: ख्रिस्त नुसता माणूस की देव? दोन्ही, असं ते म्हणाले. वाद वाढत गेला आणि चौघांनी जीव गमावला. दिल्लीच्या सुलतानानं नंतर तिथल्या मलिकाला, म्हणजे सुभेदाराला, शिक्षा केली, असंही ओडोरिक सांगतो.

कारियेतला कारागीर न मावणाऱ्याची जागा काचेनं भरत होता त्याच सुमारास, आमच्या ठाण्यात. मी तिथं चाळीस वर्षं राहतोय. तलावपाळीला रोज फिरायला जातो.

हिनं सगळं ऐकून घेतलं. पाण्याची बाटली पालथी करून शेवटचे थेंब तळहातावर घेतले, मानेला लावले. मग म्हणाली, "अहो, भांडण झालेली ती बाई नेस्टोरियन ना? तिचं पुढं काय झालं?"

"ते कुणी लिहिलं नाही."

"आणि ती पंधरा घरं, कुठल्या बाजूला असतील?"

"खाडीकडं असणार. व्यापारी माणसं."

"म्हणजे कोळीवाड्याच्या अंगाला," ती म्हणाली, आणि गवतातून आपली चप्पल शोधू लागली.